डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा निकाल: आधी वॉर्डाचा कागद, मग पक्षांचा तक्ता

आकडेमोड:

इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुका आटोपल्या की पक्षनिहाय जागांचे तक्ते फिरू लागतात, आणि त्यांच्याखाली मतांच्या टक्केवारीवरून हमखास वाद पेटतो. जागांचे आकडे बरोबर असतात. टक्केवारी मात्र तिघांनी काढली तर तीन निघतात, आणि गणित तिघांचेही बरोबर असू शकते. हे कशामुळे होते आणि निकालाचा मूळ कागद कसा वाचायचा, यासाठी हा धागा.

आधी शब्दाची एक गफलत दूर करतो. मराठीत डिस्ट्रिक्ट कौन्सिलला ‘जिल्हा परिषद’ म्हटले की चित्रच चुकते. जिल्ह्याच्या जागी असते ती काउंटी. डिस्ट्रिक्ट हा तिच्या आतला, आपल्या तालुक्याच्या जवळपास जाणारा तुकडा, आणि त्याखाली पॅरिश, म्हणजे साधारण ग्रामपंचायत. शाळा, रस्ते, वाचनालये, वृद्धांची देखभाल हे सगळे काउंटीकडे. घरोघरचा कचरा, बांधकाम परवानग्या, बेघरांची सोय, अन्नपदार्थांच्या दुकानांची तपासणी आणि कौन्सिल टॅक्सची (आपल्या घरपट्टीसारखा कर) वसुली डिस्ट्रिक्टकडे. टॅक्सचे बिल डिस्ट्रिक्ट पाठवते, पण त्यातला मोठा वाटा काउंटीला जातो, शिवाय पोलीस आणि पॅरिशचाही त्यात हिस्सा असतो. ही रचना १ एप्रिल १९७४ पासूनची आहे. डिस्ट्रिक्टचा निकाल पाहून ‘आता खड्डे बुजतील’ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

उदाहरण म्हणून सफोक काउंटीतले मिड सफोक घेतो. स्टोमार्केट, नीडहॅम मार्केट, आय ही तीन छोटी गावे-शहरे, बाकी सगळी खेडी. कौन्सिलच्या जागा ३४, दर चार वर्षांनी सर्व जागांसाठी एकदम मतदान. २०१९ मध्ये कॉन्झर्वेटिव्ह १६, ग्रीन १२, लिबरल डेमोक्रॅट ५, अपक्ष १. ४ मे २०२३ रोजी ग्रीन २४, कॉन्झर्वेटिव्ह ६, लिबरल डेमोक्रॅट ४. बहुमताला १८ लागतात. ब्रिटनमध्ये ग्रीन पक्षाला एखाद्या कौन्सिलात स्वबळावर बहुमत मिळाले ते इथे पहिल्यांदा. ब्रायटनमध्ये २०११ पासून त्यांनी कारभार केला होता, पण ५४ पैकी २३ जागांवर, अल्पमतात. त्याच ब्रायटनमध्ये २०२३ च्या त्याच निवडणुकीत ते ७ वर आले आणि लेबरला ३८ मिळाल्या. ‘ग्रीन लाट’ असे एका शब्दात का सांगता येत नाही, ते या दोन आकड्यांवरून कळते.

आता टक्केवारी. मिड सफोकमध्ये काही वॉर्ड एका जागेचे, काही दोन जागांचे. दोन जागांच्या वॉर्डात एकच मतपत्रिका असते, सगळे उमेदवार एकाच यादीत आडनावाच्या वर्णक्रमाने, आणि मतदाराला दोन फुल्यांचा हक्क. पहिले दोन निवडून येतात. हिशेबासाठी एक कल्पित वॉर्ड घेऊ. जागा २, मतदार ४,३००, वैध मतपत्रिका १,५००.

क पक्षाचे दोन उमेदवार: ७०० आणि ६१०.
ख पक्षाचे दोन: ६४० आणि ६००.
ग पक्षाचा एकच: ३५०.

निवडून आले ७०० वाला आणि ६४० वाला, म्हणजे दोन पक्षांना एकेक जागा. आता टक्के काढू. सगळी मते मिळवली तर बेरीज २,९००. क ला ४५.२, ख ला ४२.८, ग ला १२.१ टक्के. प्रत्येक पक्षाचा फक्त सर्वांत वरचा उमेदवार धरला तर बेरीज १,६९०, क ४१.४, ख ३७.९, ग २०.७. प्रत्येक पक्षाची उमेदवारामागची सरासरी घेतली तर क ४०.३, ख ३८.२, ग २१.५. कागद तोच, मते तीच, आणि ग पक्षाचा वाटा १२ पासून २१ पर्यंत कुठेही. पहिल्या पद्धतीत ग ला एकच उमेदवार दिल्याचा दंड बसतो. इंग्लंडमधले निवडणूक अभ्यासक बहुसदस्य वॉर्डांसाठी सहसा दुसरी पद्धत वापरतात. मला तीच सर्वांत कमी फसवी वाटते, कारण ती निदान ‘या पक्षाला किती लोकांनी एक तरी मत दिले’ याच्या जवळ जाते.

आणखी एक खोच. पूर्ण कौन्सिलची बेरीज करताना दोन जागांच्या वॉर्डातला मतदार दोनदा मोजला जातो आणि एका जागेच्या वॉर्डातला एकदा. एखादा पक्ष गावात जोरात आणि खेड्यात कमी असेल, आणि दोन जागांचे वॉर्ड गावात असतील, तर त्याची टक्केवारी आपोआप फुगते. बिनविरोध झालेल्या वॉर्डात मतदानच होत नाही, त्यामुळे तिथले मतदार या बेरजेत शून्य. ग्रामीण डिस्ट्रिक्टमध्ये असे वॉर्ड निघतातच.

बोरीबंदर:

उत्तम धागा. पण आपल्याकडच्या महापालिकांतही बहुसदस्यीय प्रभाग आहेत. तिथे हा टक्केवारीचा घोळ होत नाही तो का? पद्धत एकच नाही का?

टेम्सकाठ:

नाही, मोठा फरक आहे. मुंबई वगळता महाराष्ट्रातल्या महापालिकांत प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या जागा असतात. प्रत्येक जागेचे आरक्षण वेगळे, उमेदवार वेगळे आणि मतही वेगळे. अ जागेचा उमेदवार ब जागेच्या उमेदवाराशी लढतच नाही. चार स्वतंत्र निवडणुका एका केंद्रावर उरकल्या जातात एवढेच, म्हणून प्रत्येक जागेची टक्केवारी सरळ निघते.

इंग्लंडमध्ये सगळे एकाच यादीत. एका पक्षाचे दोन उमेदवार एकमेकांशीही लढत असतात. म्हणून तिथे दोन गोष्टी दिसतात. एक, एकाच पक्षाच्या दोघांपैकी वर्णक्रमात वर असलेल्याला बऱ्याचदा थोडी जास्त मते पडतात. वरच्या उदाहरणातले ७०० आणि ६१० यांतला फरक निव्वळ आडनावाचाही असू शकतो. दोन, छोटा पक्ष मुद्दाम एकच उमेदवार देतो, म्हणजे दुसऱ्या पक्षाचा मतदार आपली उरलेली फुली त्याला देऊ शकतो. निकालाच्या कागदावर दोन जागांच्या वॉर्डात एकच उमेदवार दिसला तर ‘माणूस मिळाला नाही’ असे लगेच समजू नका.

आणि हो, ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय तिथल्या मतपत्रिकेवर नसतो. अनामतही नाही. संसदेच्या निवडणुकीला ५०० पौंड लागतात, कौन्सिलला काहीच नाही. पूर्वी सूचक आणि अनुमोदक धरून १० सह्या लागायच्या. कोविडमुळे २०२१ मध्ये त्या दोनवर आणल्या आणि पुढे तेच कायम झाले.

केशरमावशी:

एका पत्रिकेवर दोन फुल्या, आणि त्या कुठल्याही दोन पक्षांना. यंत्र नाही, सगळे कागदावर. मग मोजतात कसे? एका उमेदवाराच्या मतांचा गठ्ठा करावा तर तीच पत्रिका दुसऱ्याच्याही गठ्ठ्यात हवी.

सह्यकडा:

मावशी, नेमका प्रश्न विचारलात. मतमोजणीचे सगळे कौशल्य इथेच आहे. क्रमाने सांगतो.

मतदान सकाळी ७ ते रात्री १०. केंद्रप्रमुख शेवटी एक हिशेबपत्रक भरतो: किती पत्रिका मिळाल्या, किती दिल्या, किती उरल्या, किती खराब झाल्या म्हणून बदलून दिल्या. ‘माझ्या नावावर आधीच कोणीतरी मत दिले’ अशी तक्रार असलेल्या मतदाराला वेगळ्या रंगाची पत्रिका मिळते. ती पेटीत जात नाही आणि मोजलीही जात नाही. तिचाही आकडा या पत्रकात असतो.

मोजणीच्या सभागृहात पहिली पायरी पडताळणीची. इथे उमेदवारांची मते अजून कोणी मोजत नाही. पेटी टेबलावर उलटी करतात, रिकामी पेटी उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवतात, आणि फक्त कागद मोजतात. पेटीतला आकडा हिशेबपत्रकाशी जुळला पाहिजे. एखादा कमी भरला तर बहुधा कोणीतरी पत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून नेलेली असते. त्याच दिवशी पॅरिशचीही निवडणूक असेल तर दोन रंगांच्या पत्रिका असतात आणि एकाची दुसऱ्या पेटीत जातेच. चुकीच्या पेटीत गेली म्हणून ती बाद होत नाही, योग्य गठ्ठ्यात हलवतात. म्हणूनच दोन्ही निवडणुकांची पडताळणी झाल्याशिवाय मोजणी सुरू करत नाहीत. नाही तर वॉर्ड जाहीर व्हायचा आणि पॅरिशच्या पेटीतून तीन पत्रिका निघायच्या.

मग एका वॉर्डाच्या सगळ्या पेट्यांतले कागद आणि टपाली मते एकत्र मिसळतात, म्हणजे अमुक केंद्रावर कोणाला किती पडली हे कळू नये. आपल्याकडे बूथनिहाय आकडे मिळायची सवय असते. तिथे ते अधिकृतपणे मिळत नाहीत. वॉर्ड हाच शेवटचा घटक. प्रतिनिधी पडताळणीच्या वेळी टेबलाभोवती उभे राहून ओझरत्या दिसणाऱ्या फुल्यांची नोंद करतात, पण तो अंदाज असतो.

आता तुमचा प्रश्न. दोन जागांच्या वॉर्डात पहिल्यांदा ‘एकगठ्ठा’ पत्रिका वेगळ्या काढतात: दोन्ही फुल्या एकाच पक्षाच्या दोघांना. त्यांचे पक्षवार गठ्ठे बांधले की काम सोपे, गठ्ठ्यात २०० पत्रिका म्हणजे दोघांना २०० मते. उरतात त्या मिश्र: एक फुली इकडे, एक तिकडे, किंवा एकच फुली. यांच्यासाठी तक्त्याचा मोठा कागद असतो. डाव्या बाजूला उमेदवारांची नावे वरून खाली, वर १ ते २५ असे रकाने. एक जण पत्रिका वाचतो, दुसरा त्या रकान्यात उमेदवारांपुढे खुणा करतो, मग पुढची पत्रिका, पुढचा रकाना. २५ पत्रिका झाल्या की ताळा: सगळ्या उमेदवारांच्या ओळींची बेरीज अधिक न वापरलेली मते बरोबर ५० आलीच पाहिजेत. ४९ आली तर कुठल्यातरी रकान्यात खूण राहिली, ५१ आली तर एक दोनदा पडली. फक्त तो कागद परत तपासायचा. वॉर्डभरची मोजणी पुन्हा करावी लागत नाही.

काही ठिकाणी दुसरी रीत आहे, तिला ते लोक ‘गवताचा घागरा’ म्हणतात. लांब जाड कागदावर पत्रिका एकीवर एक अशा चिकटवतात की प्रत्येकीचा फक्त फुल्यांचा पट्टा दिसावा. नावांच्या ओळी एका रेषेत येतात आणि एका उमेदवारापुढच्या फुल्या आडव्या सरळ मोजता येतात. प्रतिनिधीला हे डोळ्यांनी पडताळता येते, हा त्याचा खरा फायदा. तक्त्याच्या पद्धतीत वाचणाऱ्यावर आणि लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो.

चूक सर्वांत जास्त होते ती मात्र बेरजेच्या टेबलावर: एका उमेदवाराचा ५० चा गठ्ठा दुसऱ्याच्या थप्पीत जातो. फरक एकदम १०० चा पडतो. निकाल अपेक्षेपेक्षा अगदी गोल आकड्याने वेगळा दिसला तर अनुभवी प्रतिनिधी पहिल्यांदा गठ्ठ्यांच्या कडा चाळायला मागतात.

आकडेमोड:

सह्यकडा यांच्या ताळ्याला जोडून. माझ्या वरच्या उदाहरणात १,५०० वैध पत्रिका म्हणजे ३,००० फुल्या शक्य, पडल्या २,९००, म्हणजे १०० न वापरलेल्या. जाहीर कागदावर हा १०० चा आकडा नसतो, पण तो असा काढता येतो आणि तो बोलका असतो. न वापरलेली मते जास्त असतील तर त्या वॉर्डात बऱ्याच लोकांना एकच माणूस हवा होता.

मतदानाचे प्रमाणही याच कागदावरून काढा: पत्रिका भागिले मतदार. १,५०० भागिले ४,३०० म्हणजे ३४.९ टक्के. उमेदवारांची मते मिळवून मतदारसंख्येने भागले तर ६७ टक्के येतात, आणि तसे आकडे छापलेले पाहिले आहेत. वॉर्डात जागा किती हे बघितल्याशिवाय भागाकार करू नये.

बाद पत्रिकांचीही वर्गवारी त्याच कागदावर असते: अधिकृत खूण नाही, हक्कापेक्षा जास्त फुल्या, मतदार ओळखता येईल असे लिखाण, आणि कोरी किंवा अर्थ न लागणारी. फुलीऐवजी बरोबरची खूण किंवा हसरा चेहरा काढला तरी हेतू स्पष्ट असेल तर मत धरतात. दोन जागांच्या वॉर्डात तीन फुल्या केल्या तर सगळी पत्रिका जाते. पण दोनपैकी एक फुली स्पष्ट आणि दुसरी संदिग्ध असेल तर स्पष्ट तेवढी मोजतात आणि पत्रिका ‘अंशतः बाद’ मध्ये लिहितात. ही अंशतः बाद संख्या पूर्ण बादमध्ये मिळवू नका, ती पत्रिका वैधमध्ये आधीच आली आहे.

बोरीबंदर:

समान मते पडली तर? आणि फेरमोजणी किती वेळा मागता येते?

टेम्सकाठ:

फेरमोजणी उमेदवार किंवा त्याचा निवडणूक प्रतिनिधी मागू शकतो, पण निकाल जाहीर होण्याआधीच. म्हणून तात्पुरते आकडे आधी फक्त उमेदवारांना दाखवतात आणि ‘समाधान आहे का?’ विचारतात. तो एक-दोन मिनिटांचा क्षण हातचा गेला की संपले. किती वेळा याला आकड्याची मर्यादा नाही, पण मागणी अवाजवी वाटली तर निर्वाचन अधिकारी नाकारू शकतो. हा अधिकारी कौन्सिलचाच वरिष्ठ नोकर असतो, बऱ्याचदा मुख्य कार्यकारी, पण या कामात तो व्यक्तिशः जबाबदार असतो. आपल्या राज्य निवडणूक आयोगासारखा वरून चालवणारा कोणी नाही. तिथला आयोग मार्गदर्शन करतो, निवडणूक घेत नाही.

बरोबरी झाली तर जागच्या जागी चिठ्ठ्या किंवा तत्सम सोडत, आणि ज्याचे नाव निघेल त्याला एक मत जास्त पडले असे धरतात. कशाने सोडत काढायची ते अधिकारी ठरवतो. २०१७ मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये साउथ ब्लाइथ प्रभागात बरोबरी झाली आणि काड्या ओढल्या. लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराची काडी लांब निघाली आणि कॉन्झर्वेटिव्ह ६७ पैकी ३३ वर राहिले, बहुमत एका जागेने हुकले. नॉर्थम्बरलंड डिस्ट्रिक्ट नाही, एकस्तरीय कौन्सिल आहे (काउंटी आणि डिस्ट्रिक्ट दोन्हींची कामे एकाकडेच), पण नियम तोच.

जाहीर झाल्यावर आकडा चुकल्याचे कळले तरी निर्वाचन अधिकाऱ्याला स्वतःहून काही बदलता येत नाही. मग एकच रस्ता, निवडणूक याचिका: मतदानाच्या दिवसानंतर २१ दिवसांच्या आत, एखादा उमेदवार किंवा किमान चार मतदार. खर्चाच्या हमीपोटी २,५०० पौंडांपर्यंत रक्कम ठेवावी लागते. चार सामान्य मतदारांच्या याचिकेवर २०१५ मध्ये लंडनच्या टॉवर हॅम्लेट्सच्या महापौरांची निवडणूक रद्द झाली, तेव्हा हे कलम शोभेचे नाही. पण २१ दिवस कडक आहेत आणि त्यात सुट्ट्याही मोजल्या जातात.

केशरमावशी:

समजले. आता ‘इतक्या जागा मिळवल्या, इतक्या राखल्या’ हे कशाच्या तुलनेत? काही कौन्सिलांत दरवर्षी निवडणूक असते असे दिसते.

आकडेमोड:

हो, आणि इथे वर्तमानपत्रेही गोंधळतात. तीन प्रकार आहेत. मिड सफोक, साउथ केंब्रिजशर यांच्यासारखी कौन्सिले चार वर्षांनी सगळी बदलतात. ऑक्सफर्ड दर दोन वर्षांनी निम्मी: २४ वॉर्ड, प्रत्येकी दोन जागा, एकूण ४८, दर वेळी २४. आणि वोकिंगसारखी तृतीयांश पद्धत: १० वॉर्ड, प्रत्येकी तीन, एकूण ३०, दर वर्षी १०, तीन वर्षे सलग, चौथ्या वर्षी काउंटीची निवडणूक.

वोकिंगमध्ये २०२४ ला एखादी जागा ‘मिळवली’ असे लिहिले तर तुलना त्याच जागेच्या मागच्या निवडणुकीशी, म्हणजे २०२१ शी (एरवी ती चार वर्षांपूर्वीशी असते, पण २०२० ची निवडणूक कोविडमुळे वर्षभर पुढे गेली होती). आदल्या वर्षी त्याच वॉर्डात काय झाले ते त्यात धरलेले नसते. म्हणून पक्ष गेल्या वर्षीपेक्षा मागे पडला तरी ‘जागा वाढल्या’ असे दिसू शकते. तृतीयांश पद्धतीत मी दोन्ही आकडे शेजारी मांडतो: जागांची तुलना चार वर्षांपूर्वीशी, मतांची तुलना गेल्या वर्षीशी. त्या पद्धतीत सत्ताही एका झटक्यात जात नाही, दोन-तीन वर्षांत झिजते. वोकिंगमध्ये २०२४ च्या निकालानंतर ३० पैकी २४ लिबरल डेमोक्रॅट झाले आणि कॉन्झर्वेटिव्ह एकही उरला नाही, पण ती घसरण टप्प्याटप्प्याने झाली. सगळ्या जागा एकदम असत्या तर तोच परिणाम एका रात्रीत दिसला असता आणि मथळे वेगळे आले असते.

वॉर्डांच्या सीमा बदलल्या असतील तर ‘मिळवली-राखली’ला अर्थच नाही. मिड सफोकच्या जागा २०१९ मध्ये ४० वरून ३४ झाल्या, नवे नकाशे आले. २०१५ शी वॉर्डनिहाय तुलना करणारा तक्ता दिसला तर बाजूला ठेवा. २०१९ आणि २०२३ ची तुलना मात्र चोख आहे, आणि १२ चे २४ हा आकडा म्हणूनच विश्वासाचा.

सह्यकडा:

स्पष्ट बहुमत नसेल तेव्हाचेही सांगायला हवे. पूर्व हर्टफर्डशर डिस्ट्रिक्ट, २०२३: ग्रीन १९, कॉन्झर्वेटिव्ह १६, लिबरल डेमोक्रॅट १०, लेबर ५, एकूण ५०. बहुमताला २६. तक्त्यात हे ‘कोणाचेच नियंत्रण नाही’ म्हणून राखाडी रंगात जाते, पण कारभार तर कोणीतरी करतोच. ग्रीन आणि लिबरल डेमोक्रॅट मिळून २९ होतात आणि त्यांनीच सत्ता घेतली. निकालाच्या रात्री हे ठरत नाही. निवडून आलेले सदस्य मतदानानंतर चौथ्या दिवशी पदावर येतात आणि मे महिन्यातल्या वार्षिक सभेत आधी सभेचा अध्यक्ष, मग कारभार चालवणारा नेता निवडतात. अध्यक्षाला निर्णायक मत असते, म्हणून सम संख्येच्या कौन्सिलात बरोबरी झाली तर अध्यक्षपदाची निवड हीच खरी सत्तेची लढत ठरते. राखाडी रंग दिसला तर दोन आठवडे थांबून त्या सभेचे इतिवृत्त वाचा.

समित्यांवरच्या जागा गटांच्या संख्येप्रमाणे वाटाव्या लागतात, १९८९ च्या कायद्याने. बांधकाम परवानग्यांच्या समितीत विरोधकही असतातच. मिड सफोकमध्ये ३४ पैकी १० विरोधक म्हणजे १२ जणांच्या समितीत तीन-चार.

वामकुक्षी:

थोडा वेगळा प्रश्न. भारतीय पासपोर्टवर तिथे राहणाऱ्यांना या निवडणुकांत मत देता येते का? काही जण हो म्हणतात, काही नाही.

टेम्सकाठ:

येते. राष्ट्रकुल देशांचे नागरिक, वास्तव्याची परवानगी असलेले किंवा परवानगीची गरज नसलेले, मतदार यादीत नाव नोंदवू शकतात. कौन्सिललाच नाही, संसदेच्या निवडणुकीलाही. विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावरचे मराठी लोक यात येतात. बऱ्याच जणांना हे माहीतच नसते, म्हणून मुदती लिहितो. सगळ्या कामकाजाच्या दिवसांत मोजायच्या, शनिवार-रविवार आणि बँकांच्या सुट्ट्या वगळून:

नावनोंदणी मतदानाच्या १२ दिवस आधी मध्यरात्रीपर्यंत. टपाली मताचा अर्ज ११ दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत. मतदार ओळखपत्राचा अर्ज (फोटोचे दुसरे चालणारे ओळखपत्र नसेल तरच) ६ दिवस आधी ५ पर्यंत. ४ मे २०२३ साठी या तारखा १७, १८ आणि २५ एप्रिल होत्या. एप्रिल-मे महिन्यात ईस्टर आणि मे महिन्याची सुट्टी मध्ये येते, म्हणून तोंडी हिशेब चुकतो.

फोटो असलेले ओळखपत्र २०२३ पासून सक्तीचे आहे. भारतीय पासपोर्ट चालतो, राष्ट्रकुल देशाचा म्हणून. मुदत संपलेला असला तरी फोटो ओळखू येत असेल तर चालतो. अडचण येते नावाची: यादीत लग्नाआधीचे नाव आणि पासपोर्टवर नंतरचे, किंवा यादीत वडिलांचे नाव गाळलेले. किरकोळ फरक खपतो, पण आडनावच वेगळे असेल तर सोबत विवाहाचा दाखला न्यावा. २०२३ च्या त्या निवडणुकीत केंद्रावरून परत पाठवलेले आणि पुन्हा न आलेले सुमारे १४,००० मतदार आयोगाने मोजले, केंद्रावर आलेल्यांच्या ०.२५ टक्के. दारातूनच मागे फिरलेले त्यात नाहीत.

सह्यकडा:

टपाली मताबद्दल दोन ओळी, कारण सर्वांत जास्त मते तिथे वाया जातात. आत दोन पाकिटे असतात. लहान पाकिटात फक्त मतपत्रिका. मोठ्यात ते लहान पाकीट आणि सही व जन्मतारखेचा कागद. जन्मतारखेच्या रकान्यात लोक त्या दिवसाची तारीख लिहितात, मत जाते. नवरा-बायको एकाच टेबलावर बसून भरतात आणि एकमेकांच्या कागदावर सही करतात, दोघांची मते जातात. सही अर्जावरच्या सहीशी ताडून बघतात, म्हणून अर्जावर मराठीत केली असेल तर इथेही मराठीतच करा. पाकीट मतदानाच्या दिवशी रात्री १० च्या आत पोचले पाहिजे. टपालाला उशीर झाला असेल तर केंद्रावर हातोहात देता येते, मात्र मे २०२४ पासून तिथे एक अर्ज भरून द्यावा लागतो. पेटीत नुसते टाकून निघून गेलात तर ते नाकारतात. स्वतःचे सोडून जास्तीत जास्त पाच जणांची देता येतात.

बोरीबंदर:

आणि उभे राहायचे असेल तर? खर्चाची मर्यादा किती?

आकडेमोड:

वय १८, वर सांगितलेले नागरिकत्व, आणि त्या डिस्ट्रिक्टशी संबंध: तिथल्या यादीत नाव, किंवा मागचे १२ महिने तिथे राहणे, नोकरी किंवा जागा ताब्यात असणे. राष्ट्रकुल नागरिकांसाठी वास्तव्याच्या परवानगीची अट मताच्या हक्कापेक्षा कडक आहे, तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांनी आधी कौन्सिलच्या निवडणूक विभागाला लेखी विचारावे. अर्ज १९ कामकाजाचे दिवस आधी दुपारी ४ पर्यंत प्रत्यक्ष नेऊन द्यायचा, ई-मेल चालत नाही.

खर्चाची मर्यादा नोव्हेंबर २०२३ पासून ९६० पौंड अधिक मतदारामागे ८ पेन्स. ४,३०० मतदारांच्या वॉर्डात ९६० अधिक ३४४, म्हणजे १,३०४. एकाच पक्षाचे दोघे एकच पत्रक वाटत असतील तर प्रत्येकाची मर्यादा चौथाईने घटते, ९७८ वर येते. निकालानंतर ३५ दिवसांत हिशेब द्यायचा. पडलेल्यांनीही. एक पौंड खर्च झाला नसेल तरी कोरा हिशेब द्यावा लागतो, आणि तो न देणे हा गुन्हा आहे.

केशरमावशी:

शेवटचे विचारते. हे वॉर्डाचे कागद मिळतात कुठे? आणि किती दिवस राहतात?

आकडेमोड:

प्रत्येक कौन्सिलच्या संकेतस्थळावर ‘निकालाची घोषणा’ म्हणून वॉर्डागणिक एक पान असते: उमेदवार, मते, निवडून आल्याची नोंद, बाद पत्रिकांची वर्गवारी, मतदार आणि मतदानाचे प्रमाण. डेमोक्रसी क्लब ही संस्था देशभरचे उमेदवार आणि मते एकत्र करते, तिचा तक्ता आकडेमोडीला सोयीचा, पण बाद पत्रिकांसाठी मूळ पानच लागते. खुद्द मतपत्रिका सीलबंद राहतात आणि एक वर्षानंतर नष्ट होतात.

मूळ पाने मात्र आत्ताच उतरवून ठेवा, मावशी. डिसेंबर २०२४ च्या सरकारी आराखड्यानुसार दोन स्तरांची रचनाच मोडून त्याजागी मोठी एकस्तरीय कौन्सिले करायची आहेत. डिस्ट्रिक्ट विलीन झाले की त्याचे संकेतस्थळही जाते, आणि वॉर्डाच्या सीमा बदलल्यावर तुलनेला तोच जुना कागद लागतो. उतरवताना फाइलच्या नावात वर्ष, वॉर्ड आणि जागांची संख्या घाला. जागांची संख्या विसरलात तर वरचा सगळा हिशेब पुढे करता येणार नाही.